ज्योतीरामच्या जबाबातला एक शब्द

सहा वाजून चाळीस मिनिटं, ताई — पावणेसात नव्हे. गजराचं घड्याळ समोरच होतं, पोरीचे डोळे फिरले तेव्हा मी त्याच्याकडंच बघत होते. आता सातला ह्यांची रात्रपाळी सुटेल, आता येतील, म्हणून. वीस मिनिटं थांबले असते तर? तर काय, आज तुमच्या दारात हा कागद घेऊन उभी राहिले नसते. पण अंग तापलेलं, हातपाय ताठ, दातखीळ — पहिला मुलगा असाच गेला माझा, कुसुमताई. मी दूधवाल्याला सायकलवरनं कारखान्याच्या फाटकाकडं पिटाळलं. म्हटलं, ज्योतीरामला सांग, पोरगी आजारी आहे, असशील तसा ये.

तर ह्यांच्या इंग्रजी जबाबातल्या ह्या ओळीचं विचारायचं होतं — पुढच्या पाळीचे चिमाजीभाऊ यंत्रावर आले तेव्हा ज्योतीराम गेला, ही. काल तुम्ही पाटीवर लिहून दाखवलंत ते मला कळलं, सातवीपर्यंत शिकलेय मी, इंग्रजी नव्हतं एवढंच. ‘लेफ्ट’ लिहिलं तर चिमाजीभाऊ आले आणि मग हे गेले. ‘हॅड लेफ्ट’ लिहिलं तर ते आले तेव्हा हे आधीच गेले होते. आपल्यासारखंच की — गेला न् गेला होता. हेडक्लार्क अर्जुनराव म्हणाले, वहिनी, तो ‘हॅड’ तेवढा घालू नका, फाटकावरची वही मी सांभाळतो, ज्योतीरामची नोकरी राहील. आणि चिमाजीभाऊंची? तर म्हणाले, दोघांतला एक जाणारच.

कारण पाळी बदलताना त्यांच्यात रीत आहे ना — जाणाऱ्यानं येणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचं, हे झाकण काढलंय, हे चालू आहे, मगच यंत्र सोडायचं. ह्यांनी पुसायला झाकण काढलेलं, तेवढ्यात निरोप आला, हे तसेच पळाले. भोंगा झाला, चिमाजीभाऊ आले, खांद्यावर हात ठेवायला कुणी नाही. पण ज्योतीराम उघडं टाकून जायचा नाही, हा त्यांचा भरवसा. घातला हात. दोन बोटं, ताई. उजव्या हाताची.

‘लेफ्ट’ लिहिलं म्हणजे ह्यांनी सांगितलं होतं आणि चिमाजीभाऊंनीच हलगर्जीपणा केला, असं ठरतं. तेच करा. तसंच ठेवा. ह्यांनी खाली सही करून कागद माझ्यापुढं टाकलाय — म्हणाले, सातवी शिकलीस ना, काय लिहायचं ते तूच ठरव. चार दिवसांत एवढंच बोललेत. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मला का मारतील म्हणून? अहो, मीच बोलावलं ना. आणि रखवालदाराच्या वहीत लिहिलेलंच आहे की — ज्योतीराम, सहा पन्नास, घरी मयत —

नाही, म्हणजे...

असं बघू नका माझ्याकडं. आजारी म्हणून फाटक उघडत नाही, ताई! शेजारच्या यशोदाबाईंची सासू मोरीत पडली तेव्हा रखवालदार म्हणाला, भोंगा झाल्यावर सांगतो. मयत असेल तरच सोडतात, चाळीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे. मी दूधवाल्याला म्हटलं, सांग, पोरगी गेली. माझ्या तोंडानं म्हटलं. हे अनवाणी धावत आले, तर पोरगी, शकी, यशोदाबाईंच्या मांडीवर साखर चाटत बसलेली. ह्यांनी तिला उचललंसुद्धा नाही, उंबऱ्यावरच बसले.

काय? मंजुळाबाई? हो, येऊन गेल्या. परवा. चिमाजीभाऊ पुण्याच्या इस्पितळात, हात एवढा बांधलेला — आणि ते बायकोला म्हणतात, आधी ज्योतीरामकडं जा, त्याची पोर गेलीय, त्यांच्या घरी चूल पेटली नसेल. पिठलं-भाकरी घेऊन आल्या हो बाई. फडक्यात बांधून. त्यांना बोळातनं येताना बघितलं आणि मी शकीला मागच्या दारानं यशोदाबाईंकडं दिलं. चूल पेटलेली होती, तिच्यावर पाणी ओतलं. त्यांनी मला जवळ घेतलं. रडल्या. मीही रडले, खरंच रडले, कशासाठी ते विचारू नका. आणि पलीकडं शकी हसली, मोठ्यानं. मंजुळाबाई म्हणाल्या, यशोदाबाईंची नात का? मी म्हटलं, हो.

भाकरी खाल्ली मी. टाकवेना.

ताई, तो ‘हॅड’ घाला. घाला हो. हेच लिहायचं असणार ह्यांच्या मनात, नाहीतर माझ्याकडं कागद कशाला देतील? घाला, माझ्यादेखत घाला, मी घरी गेले की माझं मन परत फिरेल. हं. एवढासाच शब्द आहे की.

नको, चहा नको, शकी उठली असेल. पण तुम्ही मंजुळाबाईंच्याच आळीत राहता ना? मला त्या दारात उभं राहवणार नाही. आज संध्याकाळी त्यांना एवढं सांगा — पोरगी आहे. यशोदाबाईंची नात नव्हे ती, ती माझी शकी. आणि म्हणावं, हे चिमाजीभाऊंनाही कळवा.