अपडेटची पाळी

आमच्या राहात्याजवळच्या दूध केंद्रात मी कारकून. तिथल्या कॉम्प्युटरवर मी स्वतः शिकून विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स बसवलंय. एका सकाळी पावत्या काढणारा प्रिंटर अडला. लिनक्सच्या इंटरनेटवरच्या भांडारातून त्याचं सॉफ्टवेअर पुन्हा उतरवायला गेलो, तर पडद्यावर आलं, दुसरं अपडेट चालू आहे, थांबा. बाहेर दुधाच्या किटल्या घेऊन रांग लागलेली.

दूध संस्थेचे चेअरमन आत आले. "भाऊसाहेब, बटन बंद करून परत चालू करा. लोकांचं दूध नासंल."

"अपडेट अर्ध्यात तोडलं तर मशीनच उठायचं नाही. मग आज कुणाचंच दूध घेता येणार नाही."

"फुकटच्या सॉफ्टवेअरचं हे असंच," म्हणत त्यांनी स्विचकडे हात नेला. मी मध्ये उभा राहिलो आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "चारीला दुसऱ्याची पाळी चालू आहे. ती संपली की आपली."

कालव्याच्या चारीतून पाळीपाळीनं पाणी घेऊन शेती करणाऱ्यांना आणखी काय सांगायचं? कुरकुर थांबली. रांगेतले कोंडाजी तेवढे म्हणाले, "चेअरमन, तुमी दुसऱ्याच्या पाळीत पाणी फोडता, तसं हितं न्हाई चालायचं."

सगळे हसले. चेअरमननी हात मागे घेतला.

थोड्या वेळाने अपडेट संपलं, मी प्रिंटरचं सॉफ्टवेअर बसवलं आणि पावत्या निघू लागल्या. एकाचंही दूध परत गेलं नाही. जाताना चेअरमन दारात थांबले.

"भाऊसाहेब, ह्या अपडेटला इथून पुढं रात्रीची पाळी द्या."

फुकटचं सॉफ्टवेअर असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत.