निळ्या बटणाचा फ्रॉक

मी स्वतःला लय शहाणी समजायचे, बायांनो. माझ्या पोरीनं पिवळा फ्रॉक दोनदाच घातला आन् तो आखूड झाला. पिंगळी गावात राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेची पोर त्याच मापाची. पण म्हणलं, वापरलेला दिला तर जाऊ म्हणंल, आमाला गरीब समजायलेत. मग तो भांडेवालीला देऊन स्टीलचा डबा घेतला.

दिवाळीत जाऊ आली, तर तिच्या पोरीच्या अंगात तोच फ्रॉक! तुटलेल्या बटणाच्या जागी मीच लावलेलं निळं बटण.

"कुठून आणला गं?"

"पूर्णेच्या बाजारात, जुन्या कपड्यांच्या ढिगातून," ती हळूच म्हणाली. "तुमच्या पोरीच्या अंगात पाहिल्यापासून ही तसाच पायजे म्हणून रडायलती, आक्का."

"मग मला मागायचा की!"

"वाटलं, तुमी म्हणाल, आता जुनेपाने मागायली."

मी त्याच डब्यातला चिवडा तिच्यापुढं ठेवला.

"डबा लय छान हाय, आक्का. कोणत्या कपड्यावर घेतला?"

"जुन्या चादरीवर," मी म्हणलं.

निदान तेव्हा तरी खरं बोलायचं होतं.