आईच्या लग्नातला शालू

मुखेडच्या आठवडी बाजारात रेणुकादास गुरुजी आपला सदरा शिवून होईपर्यंत सटवाजी शिंप्याच्या ओट्यावर टेकले होते. समोर नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या मांडीवर तिचा लग्नातला शालू होता; त्यावरची चोळी सटवाजी मापून बघत होता.

"साखराबाई, तुमची चोळी लेकीला बसायची न्हाई. चांगलं खाऊ घातलंय पोरीला! दोन्ही बाजूंनी जोड लावावा लागंल. शालूचं आतलं टोक कापू का?"

"कापा, सटवाजीभाऊ."

"थांबा! वहिनी, हा शालू शिवकन्येला नेसवायचा न्हाई."

"का, वन्सं?"

"कळत कसं न्हाई तुम्हाला? नवरीला सवाष्णीचाच शालू नेसवत्यात. दादा रजाकारांशी लढायला सरहद्दीवर गेला, त्याला वरीस होत आलं. ना खबर, ना निरोप. मांडवात बाया काय म्हणतील?"

"बायांचं ऱ्हाऊ द्या. तुम्ही काय म्हणता?"

"मी कोण म्हणणार?"

"त्यांची पाठची बहीण. माझ्या कपाळाला कुंकू हाय, वन्सं. तुमच्या दादाचं बरंवाईट झालं असं वाटत असंल, तर ते तुमच्या हातानं पुसा. मग शालू पेटीत ठेवून देते."

सटवाजीची कात्री हातातच राहिली. गुरुजींनी नजर रस्त्याकडं वळवली.

नणंदेनं भावजयीच्या मांडीवरचा शालू उचलून सटवाजीपुढं ठेवला.

"सटवाजी, कापा. पण बाही जरा ढिली धरा. पोरगी बापावर गेली हाय, दंड लई भरलेत तिचे."