दहापर्यंत

देवकी : हलू नका म्हणते ना! नारू, तिथे बघ, होडीतलं हे पाठीचं टेकण मधल्या मणक्यावर टोचतंय त्यांना.

सदानंद : टोचत नाही.

देवकी : टोचतंय. खोटं बोललात की तुमचा डावा डोळा बारीक होतो. लग्नाच्या बाराव्या वर्षी नाही का, आईकडे मीठ संपलंय म्हणून थाप मारत होतात...

नारू : ताई, भांडण घरी. भावोजी, लाकूड माझं आहे, पाठ तुमची. खरं सांगा.

सदानंद : वर टोचतं. खाली पोकळ लागतं.

नारू : हात्तिच्या! मग चूक माझीच. टेकण बसवलं तेव्हा होडी चिखलात होती, नाक वर करून. आता पाण्यावर सपाट झाली, तर तेच टेकण तुम्हाला पुढे ढकलतंय. वीस वर्षं होड्या बांधतोय आणि माप घेतलं भर ओहोटीला! मसोलीत कुणाला बोलू नका हां, जन्मभर हसतील.

देवकी : हसू देत. बदल ते.

नारू : बदलतोय. जरा पुढे वाका, भावोजी. दोन बोटं मागे कलतं करतो... हं, टेका आता. कसंय?

सदानंद : बरंय.

देवकी : डोळा बारीक नाही झाला. खरं बोलतायत.

नारू : आणि बुडाखाली काय घातलंस तू?

देवकी : जुनं जाळं. घड्या घालून शिवलंय. गोधडी घातली असती तर पाणी पिऊन दगड झाली असती.

नारू : शाब्बास. सुताराची बहीण शोभतेस.

सदानंद : झालं कौतुक? वल्हं द्या. भरती चढतेय, खाडीत एक फेरी मारून येतो.

देवकी : आजच? डॉक्टर सहा महिने म्हणाला होता. चारच झालेत.

सदानंद : डॉक्टरला सांग, चार महिने उताणा पडून बघ. नारळी पुनवेला बोट लोटताना ओंडका निसटून पाठीवर आला, तिथंच माझं सगळं थांबलं. रामूच्या बोटीवर माझ्या जागी लाहू गेला. तू डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन सरावलीच्या बाजारापर्यंत पायपीट करतेस, आणि मला शेजारच्या वेणूनं पाणी पाजायचं. पुरे झालं.

देवकी : मी कधी तक्रार केली?

सदानंद : तीच तर तक्रार आहे माझी.

नारू : वल्हं मारून दाखवा आधी. मी होडी धरतो... अहो, हे काय? घसरलात की पुढे!

सदानंद : पायांत जोर नाही. रेटा कशानं देऊ? देवकी, तो पट्टा दे.

नारू : कसला पट्टा?

देवकी : माझ्या लुगड्याच्या काठाचा. दुहेरी शिवलाय. कमरेवरून टेकणाला बांधला की घसरायचे नाहीत.

नारू : ताई, होडी उलटली की बांधलेला माणूस होडीबरोबर उलटतो. खाली डोकं, वर होडी.

देवकी : आणि न बांधलेला पडला तर? पायांत जोर नाही म्हणून तेच सांगतायत ना! बांधलं तरी भीती, नाही बांधलं तरी भीती. मी करू तरी काय, सांग ना. रात्रंदिवस तेच चाललंय डोक्यात.

नारू : रडू नकोस. सरकती गाठ मारतो, इथे पोटावर. हे टोक ओढलं की मोकळे. पण अट आहे माझी. आत्ता, इथे, कमरेएवढ्या पाण्यात, मी होडी उलटी करणार. भावोजी सुटून वर आले तर टेकण कायमचं ठोकतो. नाही आले तर ते चुलीत.

देवकी : वेड लागलंय का तुला?

सदानंद : कर.

देवकी : अहो!

सदानंद : आत खोल पाण्यात उलटण्यापेक्षा इथं बरं. टोक हातात दे, नारू. हं. कर.

देवकी : मी इथेच उभी राहणार. दहापर्यंत मोजते. दहाला वर या. देवा, ह्यांना वर आण.

(होडी उलटते.)

देवकी : एक. दोन. तीन... हात दिसत नाही रे. चार. पाच.

नारू : थांब. सोडत असतील.

देवकी : सहा. काहीच हलत नाही, नारू! सात. गेले, संसार गेला, सगळं गेलं! बाजूला हो!

नारू : तू नको, मीच जातो... तिकडून उचल! जोर लाव! आले, आले, डोकं धर त्यांचं!

देवकी : अहो! माझ्याकडे बघा. खोका. अजून. अजून खोका. माझ्याच कापडानं घात केला. ओलं झालं आणि आवळलं! मला कळायला नको?

नारू : ताई.

देवकी : काय ताई? तुझीच अट!

नारू : गाठ मी सोडली. एका बोटानं. लगेच सुटली.

देवकी : मग? अहो, टोक निसटलं होतं हातातून?

सदानंद : नाही.

देवकी : मग ओढलं का नाही?

सदानंद : ओढणार होतो.

देवकी : सातपर्यंत मोजलं मी!

सदानंद : ऐकू येत होतं... पाठ दुखत नव्हती गं. उलटा झालो आणि एकदम सगळं थांबलं. पुनवेपासून पहिल्यांदा. वाटलं, अजून थोडं. अजून थोडं.

देवकी : आणि मी? मी काय करायचं होतं दहानंतर?

सदानंद : माहीत नाही. आता मलाच भीती वाटतेय माझी.

देवकी : मला रोज वाटते. सरावलीहून परत येताना शेवटच्या वळणावर माझे पाय उचलत नाहीत. ओटीवरची तुमची खाट रिकामी दिसली तर, म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही कधी.

नारू : झालं ते झालं. टेकण काढतो मी. भावोजी घरीच बरे.

देवकी : हात लावू नकोस त्याला! घरी काय बरं आहे? कौलं बघत दिवस काढायचे आणि मी बाहेर. टेकण राहू दे. पुढे एक फळी ठोक, आडवी.

नारू : कशाला? सामान ठेवायला?

देवकी : मला बसायला.

सदानंद : खुळी झालीस? बाई होडीत चढली की मासळी लागत नाही म्हणतात. वाडीभर बोंब होईल.

देवकी : होऊ दे. नाही लागली मासळी तर खेकडे-चिंबोऱ्या धरू. सुकट विकायला दुपारनंतर जाईन.

नारू : बसशील, पण दोन तासांत पाठ अवघडेल तुझी. तुलाही टेकण करू?

देवकी : टेकण नको. पुढे बघायचंय कुणाला? मी यांच्याकडे तोंड करून बसणार. साधी फळी पुरे.