शंकरपटाची वीतभर गाडी

पुलगावच्या स्टँडवर देवळीच्या मोटारीसाठी रांग लागली होती. अण्णाजींच्या पुढंच एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या तळहातावर शंकरपटातली शर्यतीची गाडी होती, बैलजोडीसकट, पण वीतभर लाकडाची. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

“घराच्या दाराले रंग नाई, अन् बैलाच्या शिंगाले तीन हात!”

“पटावर लोक दार पाह्यतीन का, धुरपता? खऱ्या गाडीचा हात, तो इथं एक बोट. माप चुकलं असन तं दाखव.”

“शेपट्या कायच्या हायेत?”

“केसाच्या. भिंतीच्या भोकात तू गुंतवळ ठेवत होती ना...”

“अगा माय! सुयांच्या बदल्यात द्याले ठेवलं होतं ते! अन् मी शेजारच्या भागीरथाले चोर म्हटलं!”

“काळ्या बैलाची शेपटी तं एका महिन्यात झाली.”

“अन् हा पांढरा?”

“त्याले तीन साल लागले. तुह्या गुंतवळातून एकेक केस निवडला.”

मोटार आली. रांग रेटू लागली, तसे अण्णाजी त्या लाकडी गाडीला जागा व्हावी म्हणून पाऊलभर मागं सरकले. धुरपतानं पदर डोक्यावर पुढं ओढला.

“आणा इकडं, गर्दीत शेपटी तुटन. तुटली तरी आता तीन साल नाई लागाचे म्हना.”