शुक्रवारचा दिवा

ओट्यावर ठेवलेलं माझं तेल ज्यानं उचललं त्याला लाज नाही, असं मी पेणच्या आमच्या चाळीत ओरडत होतो. आता तेल कसलं म्हणाल, तर मिठागराच्या पाण्यावरचं हिरवं शेवाळ वाळवून, लोखंडी डब्यात हवा न लागू देता तापवून काढलेलं. आधी नुसतं डांबर निघायचं, पेटायचंच नाही. या वेळी डब्यात उत्प्रेरकाची पांढरी भुकटी घातली, तेव्हा कुठे छोटी बाटलीभर पातळ तेल मिळालं. ते सोमवारी मुंबईला तपासणीला जायचं होतं. नाही जमलं, तर रोह्याच्या कंपनीत शिफ्टला लागेन, असं बाबांना कबूल केलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या राहेलमावशीकडून ओळखीचा वास आला. मुलं इस्रायलला गेल्यापासून मावशी एकटीच राहायची. बघतो तर तिच्या काचेच्या दिव्यात माझं तेल!

"मावशे, हे माझं गो!"

"तुझं? मला वाटलं, तुझ्या बाबानं माझं खोबरेल आणून ओट्यावर ठेवलंन."

मी फुंकर मारायला वाकलो, तर तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "नाय हां! आज शुक्रवार, सांजेपासून आम्हा ज्यूंचा शब्बाथ लागला. त्याचा दिवा विझवायचा नसतो. बस गप."

बसलो. धूर होता, पण ज्योत टिकून होती.

"पोरं गेल्यापासून या दिव्यापाशी कोण बसलंच नव्हतं," मावशी म्हणाली.

एवढ्यात बाबा खोबरेलाची बाटली घेऊन दारात आले. दिव्याकडे बघत राहिले. मग चपला काढून माझ्याशेजारी बसले.

"वास घाण हाय," ते म्हणाले. "पण पेटलं. उद्या शेवाळ काढायला मी पण येतो."