जळजळ माझी, कळ व्याह्याची

...आणि वर म्हणतात काय, तर सुपडूनाना व्याह्याच्या ओट्यावर बोंबलला! अहो, बोंबललो ना! मी कुठे नाही म्हणतो? छातीत भट्टी पेटल्यावर माणूस बोंबलेल नाहीतर काय आरती म्हणेल? पण गाव कसं असतं... साक्रीला बोंबललो ते धुळ्याला कापसाच्या जिनात माझ्या तोलकाट्यापर्यंत पोचलं, मी कापूस तोलतोय आणि गाडीवान मला विचारतायत, "काय नाना, आता कसं आहे छातीत?" आणि हसतायत! तुम्हाला सांगतो, बोंबललो ते बोंबललो, पण का बोंबललो हे एकानं विचारलं असेल तर शपथ.

तर ऐका. मागच्या कार्तिकातली गोष्ट. आमची ताईबाई, एकुलती एक लेक, साक्रीला दिलेली, तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आणायला बापानंच जायला पाहिजे. जायला काही नाही हो, सर्व्हिस मोटार आहे, पण तिथे एक रात्र राहायचं म्हणजे पंचाईत कसली ते तुम्हाला माहीतच आहे. लेकीला मूल होईस्तवर बापानं लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही. अन्न सोडा, पाण्याचा थेंब नाही! माझ्या बापानं नाही घेतला, त्याच्या बापानं नाही घेतला, मग मी काय वेगळा? म्हणून तानुबाईनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, फडक्यात बांधून दिलं... कळण्याच्या सहा भाकरी, ज्वारी-उडदाच्या, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, वरून शेंगदाण्याचं तेल, दोन कांदे. आणि बजावलं, "दोन आज दुपारी, दोन रात्री, दोन उद्या सकाळी. ऐकलं का?" ऐकलं. ऐकलं होतं हो मी!

पण नेरला मोटार थांबली, इंजिनात पाणी घालायला. मी खाली उतरलो, झाडाखाली बसलो, फडकं सोडलं, दोन खाल्ल्या. आणि मग डोक्यात विचार आला. विचार आला तिथेच घोटाळा झाला! मी म्हटलं, सुपड्या, रात्री व्याह्याच्या घरात सगळे पाटावर बसणार, आणि तू कोपऱ्यात फडकं सोडून आपली भाकर चावणार? व्याहीण काय म्हणेल? आमच्या घरचं चालत नाही, आणि आमच्याच घरात बसून मचमच खातोय! लेकीला मान खाली घालायला लावशील? त्यापेक्षा इथेच खाऊन टाक, आणि तिथे गेल्यावर हात जोडून म्हण, "पोट भरलंय." म्हणून मी सहाच्या सहा खाल्ल्या. दोन दिवसांचं, तुम्हाला सांगतो, एका बैठकीला! भरीत बोटानं पुसून घेतलं, ठेचा तर तळाशी तेल होतं तेवढ्यासकट... आणि लगेच मोटारीत. मोटार कसली, नुसती आपटणी! साक्री येईपर्यंत त्या सहा भाकरी पोटात एकमेकींना धक्के देत होत्या.

पोचलो. व्याही, नथ्थूआबा, ओट्यावरच उभे. माणूस म्हणजे सोन्यासारखा, फक्त बोलत नाही. दिवसाला दहा शब्द, त्यातले चार बैलांना. "या याही, बठा," म्हणाले आणि संपलं. चेहरा जरा उतरलेला वाटला, पण म्हटलं, सून चाललीय माहेरी, वाटत असेल माणसाला. व्याहीणबाई यशोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, मी हात जोडले, त्या हसल्या, तांब्या परत गेला. ओट्यावर खाट टाकली होती, मी म्हटलं जरा पाठ टेकतो.

टेकली पाठ... आणि पेटली भट्टी! इथे, बरोबर मधोमध! खालून काहीतरी वर सरकतंय, घशात आंबट पाणी, डोळ्यात पाणी, छाती अशी जळतेय की विचारू नका. आणि त्याच महिन्यात आमच्या जिनातले मुनीमजी छातीला हात लावून बसले ते उठलेच नव्हते. मग माझ्या मनात दुसरं काय येणार, सांगा ना? म्हटलं, आलं. आणि कुठे आलं? तर लेकीच्या घरी, सातव्या महिन्याच्या लेकीसमोर! हिच्या जिवाला काही झालं म्हणजे? खरं सांगतो, मला माझ्या मरणाचं जेवढं भ्या वाटलं नाही तेवढं पोरीच्या चेहऱ्याचं वाटलं. आणि म्हणून बोंबललो. "मेलो! मेलो रे बाप! छाती गेली!" बोंबललो ते बोंबललो.

झालं! बाजारचा दिवस, निम्मा बाजार ओट्यासमोर. यशोदाबाई, "अवं माय वं! याहीले काय व्हयनं वं!" लेक धावत आली, पोट सावरत, "दादा, काय व्हई राह्यनं तुमले? घोटभर दूध पी ल्या!" दूध? मी तशा जळजळीतही बोट वर केलं... "नाही! लेकीच्या घरचं नाही!" लोक म्हणाले, बघा, मरता मरता रीत सोडत नाही! मला तेवढ्यातही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जावई अभिमन डॉक्टर रुपचंदांना आणायला पळाला. आणि नथ्थूआबा इतका वेळ खांबाला टेकून उभे होते, ते हळूच पुढे आले आणि म्हणाले, "याही, तुम्ही पडेल ऱ्हा. मी शेजारथून पानी लई येस." म्हणजे बघा! घरात चार माणसं होती, पण पाहुण्याची रीत मोडू नये म्हणून घरधनी स्वतः तांब्या घेऊन गल्लीच्या वरच्या टोकाला, परक्या घरचं पाणी आणायला निघाला. आणि मी? मी बोंबलतोय!

डॉक्टर आले, सायकल ओट्याला टेकवली. तरुण माणूस, पण घाई नाही. "कुठे दुखतंय, नाना?" मी दाखवलं... इथे, इथे, इथे आणि इथेही. "एका बोटानं दाखवताय, तेही चार ठिकाणी," डॉक्टर म्हणाले. "आडवे पडा बरं." पडलो, बोंबललो. "आता उठून बसा." बसलो... आणि काय, निम्मी आग खाली! "आंबट येतंय घशाशी?" येतंय. "काय खाल्लंत?" आता आली पंचाईत! मी हळूच म्हटलं, "भाकर." "किती?" मी सहा बोटं दाखवली. "बरोबर काय?" तेही सांगितलं, तेलासकट. आणि तुम्हाला सांगतो, एवढा मोठा ढेकर आला त्या क्षणाला, की शेजारचा बैल मान वळवून बघायला लागला. गर्दी हसली. लेक रडता रडता हसली. डॉक्टर म्हणाले, "नाना, तुमच्या पोटातलं आम्ल वर चढलंय, त्यानं छाती जळतेय. सोड्याची पुडी देतो. आणि पाणी माझ्या बाटलीतलं आहे, दवाखान्यातलं, ते तरी चालेल ना?" चालेल म्हटलं. काय करणार?

मी पुडी तोंडात टाकली... आणि तेवढ्यात नथ्थूआबा आले. तांब्या भरलेला, एक थेंब सांडलेला नाही. तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि उंबऱ्यावर बसले. कार्तिकातली थंडी, मी उपरणं गुंडाळलेलं, आणि या माणसाचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला! सगळे माझ्याकडे बघतायत, माझ्या ढेकरावर हसतायत... एकटे डॉक्टर हसायचे थांबले. उठून त्यांच्यापाशी गेले. "आबा, दुखतंय का?"

"काही नही व्हो. थकी गऊ."

"दुखतंय का?"

नथ्थूआबा म्हणाले, "दुखस असं नही... दाबस." आणि कुठे दाबतंय ते दाखवायला त्यांनी बोट नाही वापरलं हो. मूठ वळली आणि छातीवर ठेवली. डावा हात मांडीवर नुसता पडलेला. डॉक्टरांनी विचारलं हात जड झालाय का, जबडा भरून आलाय का, चढावर वाढलं का... सगळ्याला मान हलली. कधीपासून? तर म्हणाले, "सकायपाईन." सकाळपासून! म्हणजे मी नेरला चौथी भाकर खात होतो त्याच्याही आधीपासून!

मग मात्र हसणं बंद. डॉक्टरांनी त्यांना उचलून माझ्या खाटेवर ठेवायला लावलं, पायी एक पाऊल नाही टाकू दिलं. रुमालात कसलीशी काचेची कुपी फोडून हुंगायला दिली, सुई टोचली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. माझी भट्टी कुठे गेली मला पत्ता नाही. मी विचारलं, "आबा, सांगितलं का नाहीत?" तर हळूहळू काय बोलले बघा, "सांगू कसं? तुम्ही सूनले लेवाले उनात. लोके म्हनतीन, धाडानी नव्हती म्हनीसन सोंग कयं." सून धाडायची नव्हती म्हणून सोंग केलं असं लोक म्हणतील, म्हणून गप्प! त्यांची वर्षाची बोली तेवढ्यात संपली असेल. आणि माझी मान, तुम्हाला सांगतो, खाली गेली ती वर येईना. मला वाटत होतं रीत मीच पाळतोय!

सहा आठवडे अंथरुणावर, उठायचं नाही, कूस बदलायची तीही दुसऱ्यानं बदलून द्यायची, असा डॉक्टरांचा हुकूम. मी विचारलं, "डॉक्टर, मग माझं ते काहीच नव्हतं ना?" ते म्हणाले, "आज नव्हतं. पण नाना, पुढच्या वेळीही बोंबला. हृदयाचं दुखणं कधीकधी जळजळीचं सोंग घेऊन येतं, ते घरी बसून ठरवायचं काम नाही. तुम्ही बोंबललात म्हणून मी इथे आलो. हे आबा काही मला बोलावणार नव्हते." ऐकलंत? डॉक्टरांनी सांगितलं! पण धुळ्याला हे पोचलं का? नाही. धुळ्याला फक्त ढेकर पोचला.

पंधरा दिवसांनी नथ्थूआबांनीच हट्ट धरला म्हणून ताईबाईला घेऊन आलो. पौषात मुलगी झाली. आणि फाल्गुनात, हंगामाची शेवटची वांगी असताना, लेकीला आणि नातीला पोचवायला मी आणि तानुबाई साक्रीला गेलो. दारात कोण उभं? नथ्थूआबा! बारीक झालेले, हातात काठी, पण उभे. नातीला बघितलं, आत गेले, आणि स्वतः तांब्या घेऊन आले, आपल्या घरचा. माझ्यापुढे धरला. "ल्या याही. आते तं आमनं पानी चालस ना?" आणि म्हणाले, "तुम्ही बोंबलनात म्हनीसन मी वाचनू." मी तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेववेचना. पाणी पीत होतो का काय करत होतो, ते मला विचारू नका.

मग जेवायला बसलो. लेकीच्या घरचं पहिलं जेवण! दीड वर्ष वाट बघितली होती मी या ताटाची! आतून भरताचा वास येतोय, लसणाची फोडणी, कळण्याची भाकर थापल्याचा आवाज... डॉक्टर रुपचंदही पंगतीला. मी विचारलं, "डॉक्टर, आबांना काय चालेल?" म्हणाले, "चार घास चालतील, तेल कमी, सावकाश." नथ्थूआबांच्या ताटात भरीत पडलं. मी माझं ताट पुढे केलं. डॉक्टरांनी त्याच्यावर हात ठेवला. "नाना, तुमच्या घरून कळलंय मला. अजून रात्री उठून सोडा खाता म्हणे? मिरची बंद, भरीत बंद, तीन महिने." मी तानुबाईकडे बघितलं, तर ती छताकडे बघतेय!

म्हणजे ज्याला खरोखर झालं होतं तो भरीत खातोय, आणि ज्याला काहीच झालं नव्हतं त्याच्या ताटात लेकीनं, डोळे पुसत, हसत, काय वाढलं? दूधभात. फिक्का. नथ्थूआबा शेजारी एकेक घास चावतायत, शांत, आणि मधूनच माझ्याकडे बघतायत.

मी खाल्ला हो तो दूधभात, शेवटच्या शितापर्यंत. आणि त्या दिवशी मात्र, तुम्हाला सांगतो, मी बोंबललो नाही.